नागरिकांचे विज्ञान आणि विद्यापीठांची ग्रंथालये

भारतीय राष्ट्रीय सभेच्या स्थापनेसाठी खटपट करणारे एक निवृत्त मुलकी अधिकारी म्हणून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव या देशात परिचित आहे. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत सभेचे पहिले अधिवेशन भरले, हेही शाळकरी मुलांना ठाऊक असते. परंतु त्याआधीची अनेक वर्षे याच ह्यूम यांनी आपला फुरसतीचा वेळ आणि पदरचा बराचसा पैसा हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या अभ्यासावर खर्च केला होता, ही गोष्ट पक्षिनिरीक्षकांखेरीज फारशी कोणी लक्षात ठेवलेली नाही. सिमल्याच्या जाखू टेकडीवरील त्यांच्या घरात पक्ष्यांचे नमुने आणि त्यांविषयीची टिपणे खच्चून भरलेली असत. १८८४ च्या हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना एका नोकराने त्यांपैकी कित्येक मण कागद बाजारात नेऊन रद्दीच्या भावाने विकून टाकले. पक्ष्यांवरील ज्या महाग्रंथाचा संकल्प ह्यूम यांनी सोडला होता, त्याची ती सामग्री होती. त्यानंतर त्यांचे मन त्या विषयावरून उडाले. सुमारे ८२,००० नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

नोकराला दोष देणे सोपे आहे. पण लिहून संपलेल्या कागदाची किंमत बाजारात वजनावरच ठरते, आणि त्या बाजाराबाहेर त्याची दुसरी किंमत ठरविणारी कोणतीही संस्था त्या वेळी सिमल्यात नव्हती. शिवाय ते कागद एकट्या ह्यूम यांचे नव्हते. १८७२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्षिविषयक नियतकालिक काढले होते, आणि त्याच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून त्यांना पत्रे येत. कोणी रेल्वेचा अभियंता, कोणी लष्करातील अधिकारी, कोणी ब्रह्मदेशातील बांधकाम खात्याचा नोकर. यांपैकी पोटासाठी पक्ष्यांचा अभ्यास करणारा जवळजवळ कोणी नव्हता. आपापली नोकरी सांभाळून, आपल्या भागात कोणता पक्षी केव्हा आला, घरटे कोठे बांधले, अंडी किती घातली, एवढे ते लिहून पाठवीत. ज्या देशी शिकाऱ्यांनी ते पक्षी रानातून आणले आणि ज्या कारागिरांनी त्यांची कातडी सोलून टिकविली, त्यांची नावे तर या साऱ्या व्यवहारात क्वचितच नोंदली गेली. जे थोडे कागद वाचले, त्यांच्या आधारे यूजीन ओट्स यांनी पुढे १८८९-९० मध्ये भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवरील तीन खंडांचा ग्रंथ संपादित केला. त्यावरून गेलेल्या कागदांत काय असेल याची काहीशी कल्पना येते.

आजच्या भाषेत ह्यूम यांच्या पत्रलेखकांना नागरिक-वैज्ञानिक म्हणता येईल. ‘नागरिक-विज्ञान’ हा शब्दप्रयोग गेल्या शतकाच्या अखेरीस, १९९० नंतर रूढ झाला, पण त्याने दर्शविलेली गोष्ट जुनी आहे. ज्यांचा व्यवसाय विज्ञान नाही अशा माणसांनी एका ठरावीक पद्धतीने निरीक्षण करावे, मोजावे, नोंदवावे, आणि अनेकांच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी व त्या माणसांनी मिळून काही प्रश्नांची उत्तरे शोधावीत, एवढाच तिचा अर्थ. १९०० च्या नाताळच्या दिवशी उत्तर अमेरिकेत सत्तावीस निरीक्षकांनी पंचवीस ठिकाणी पक्ष्यांची गणना केली. नाताळात पक्षी मारण्याच्या स्पर्धा लागत, त्याऐवजी ते मोजावेत, अशी ती सूचना होती. ती गणना तेव्हापासून दरवर्षी होत आली आहे. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या खगोलशास्त्रज्ञांनी जवळजवळ दहा लाख दीर्घिकांची छायाचित्रे लोकांपुढे ठेवून त्यांचा आकार ओळखावयास सांगितले. त्या कामात हॉलंडमधील एका शाळाशिक्षिकेला दीर्घिकेच्या शेजारी एक ढग दिसला. तो काय आहे हे ओळखण्यासाठी व्यावसायिक शास्त्रज्ञांना पुढे बराच काळ घालवावा लागला.

अशा उद्योगांचे वर्णन करताना सर्वांचे लक्ष निरीक्षणाच्या क्षणाकडे जाते. पहाटे धुक्यात दुर्बीण घेऊन उभा असलेला निरीक्षक चित्रात चांगला दिसतो. निरीक्षण झाल्यानंतरच्या पन्नास वर्षांत त्या वहीचे काय होते, या प्रश्नात मात्र असे काही चित्र नाही. आणि नागरिक-विज्ञानाचे खरे मरण तेथेच आहे. व्यावसायिक शास्त्रज्ञाच्या नोंदी निदान एखाद्या शोधनिबंधात उतरतात, पण हौशी निरीक्षकाच्या वह्या त्याच्या माघारी माळ्यावर जातात आणि घर बदलताना माळ्यावरून रद्दीत. गावोगावी निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, वनरक्षक, बागाईतदार यांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या पावसाच्या, फुलोऱ्याच्या, विहिरींच्या पातळीच्या वह्या असतात. त्यांचा शेवट कसा होतो हे सांगावयास नको.

या वह्यांची किंमत आधी ठरविता येत नाही, ही त्यांतली मोठी अडचण. अमेरिकेतील हेन्री डेव्हिड थोरो १८५० नंतरच्या दशकात आपल्या कॉन्कर्ड गावाच्या परिसरात हिंडून कोणत्या झाडाला पहिले फूल कोणत्या तारखेला आले हे टिपून ठेवीत असत. त्यांनी कोष्टकेही केली होती. ती कशासाठी, हे त्यांच्या शेजाऱ्यांना कळले नसेल, आणि १८६२ मध्ये थोरो निवर्तले तेव्हा ते काम अर्धवटच होते. त्यांचे कागद ग्रंथसंग्रहांत गेले आणि तेथे राहिले. दीडशे वर्षांनी बोस्टन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे सहकारी यांनी ती कोष्टके मिळवून त्याच गावात तीच फुले पुन्हा पाहिली. तेव्हा नेहमी आढळणाऱ्या त्रेचाळीस जातींची झाडे थोरोंच्या काळापेक्षा सरासरीने सात दिवस आधी फुलतात असे दिसून आले. २००८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पृथ्वीचे तापमान वाढेल काय, हा प्रश्न थोरोंच्या मनात असणे शक्य नव्हते. तरी त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग त्यांनी लिहून ठेवला होता, आणि कोणीतरी तो सांभाळला होता.

सांभाळण्याची आणि वापरण्याची अशी गाठ पडली की काय होते, याचे अलीकडचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. तेथे एकोणिसाव्या शतकापासून हजारो हौशी माणसे आपल्या परसात पर्जन्यमापक ठेवून पाऊस मोजीत आली. जॉर्ज सिमन्स यांनी १८६० पासून त्यांना एका सूत्रात बांधले. या नोंदींचे सुमारे ६५,००० कागद तेथील हवामान खात्याच्या दप्तरखान्यात जपून ठेवलेले होते. त्यांतील सर्वांत जुनी नोंद १६७७ सालची होती. पण ते सारे हाताने लिहिलेले असल्यामुळे कोणत्याही गणनयंत्राला वाचता येत नव्हते. दप्तरखान्याने त्यांची छायाचित्रे तयार केली. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे लोक घरांत अडकले असताना रेडिंग विद्यापीठातील एड हॉकिन्स यांनी ती छायाचित्रे लोकांपुढे ठेवली आणि त्यांवरील आकडे उतरवून देण्याची विनंती केली. सुमारे सोळा हजार माणसे पुढे आली. पन्नास लाखांहून अधिक आकडे त्यांनी काही आठवड्यांच्या आत उतरवून दिले. प्रत्येक कागद एकाहून अधिक माणसांकडे जात असे, आणि आकडे जुळले तरच ते ग्राह्य धरले जात. त्यामुळे ब्रिटनच्या पर्जन्यमानाचा अधिकृत इतिहास मागे सरकून १८३६ पर्यंत पोहोचला.

या कामात नागरिक दोनदा आले. एकदा पाऊस मोजणारे म्हणून आणि दीडशे वर्षांनी ते आकडे वाचणारे म्हणून. त्या दोघांच्या मधल्या काळात कागद कोरडे ठेवणारा, त्यांवर गावाचे नाव आणि वर्ष शाबूत ठेवणारा आणि मागितल्याबरोबर काढून देणारा कोणी एक होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने कोणती जागा घ्यावी असे विचारले, तर ती ही होय.

ग्रंथपालाच्या विद्येचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो. पुस्तकांची दाखलनोंद, वर्गीकरण, तालिका या गोष्टी बाहेरच्या माणसाला कंटाळवाण्या वाटतात. परंतु ‘बुलबुल, तीन, सकाळ’ एवढीच नोंद असलेला कागद शास्त्राला निरुपयोगी असतो. कोणी पाहिले, कोठे, कोणत्या तारखेस, किती वेळ, कोणत्या साधनाने, ओळख कशावरून पटविली, आणि ही नोंद दुसऱ्या कोणास वापरण्याची परवानगी आहे काय, हे सारे तिच्यासोबत असावे लागते. नोंदीविषयीची नोंद ठेवणे हे ग्रंथपालाचे रोजचे काम आहे. तो पुस्तकाविषयी जे करतो तेच वहीविषयी करावयाचे. नागरिकांचा एखादा प्रकल्प सुरू होतो त्या दिवशीच ग्रंथपालाला बोलावले आणि कोष्टकात कोणते रकाने असावेत हे त्याला विचारले, तर पुढचा निम्मा घोटाळा टळतो. बहुधा त्याला प्रकल्प संपल्यावर बोलावतात, आणि तेही खोके कोठे ठेवावे हे विचारण्यासाठी!

मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांना ही गोष्ट नवी वाटली नसती. १९२४ मध्ये त्या पदावर येण्यापूर्वी ते गणिताचे अध्यापक होते. १९३१ मध्ये त्यांनी आपली सुप्रसिद्ध पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील पहिले सूत्र पुस्तकांच्या वापराविषयीचे, आणि शेवटचे ग्रंथालयाला वाढत जाणाऱ्या सजीवाची उपमा देणारे आहे. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. विद्यापीठाचा ग्रंथपाल आणि खेड्यातील बैलगाडी यांच्यामधला रस्ता त्या काळी काही लोकांना दिसत होता, एवढे यावरून नक्की म्हणता येते. पुढे तो रस्ता पुसट झाला. आज पुष्कळ महाविद्यालयांत ओळखपत्र दाखविल्याखेरीज ग्रंथालयाच्या दारातून आत जाता येत नाही, आणि गावातील पक्षिनिरीक्षकाजवळ असे ओळखपत्र नसते.

दार उघडण्याचा एक साधा मार्ग अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दाखविला आहे. त्यांनी नागरिक-विज्ञानाच्या पेट्या तयार केल्या आणि त्या पुस्तकांप्रमाणेच वाचकाच्या नावावर घरी देण्यास प्रारंभ केला. शेजारच्या सार्वजनिक ग्रंथालयांनाही त्यांनी या योजनेत घेतले. एका पेटीत रात्रीच्या आकाशाचा उजेड मोजणारे लहानसे यंत्र, ते कसे धरावे याची सूचना आणि आकडा कोठे पाठवावा याचा पत्ता असे. शहराच्या दिव्यांमुळे तारे किती दिसेनासे झाले हे जगभरच्या लोकांकडून मोजून घेणारी एक योजना २००६ पासून चालू आहे. पेटी नेणारा माणूस आपल्या गच्चीवरून त्या योजनेत भाग घेऊ शकतो. दुसऱ्या पेट्या आसपासचे जीव नोंदविण्यासाठी किंवा फुलांवर येणारे कीटक पाहण्यासाठी. पेटी आठवडा दोन आठवड्यांनी परत येते आणि पुढच्या माणसाकडे जाते. महाग साधन प्रत्येकाने विकत घ्यावे लागत नाही. ग्रंथालयाचा जन्म ज्या तत्त्वावर झाला, तेच हे तत्त्व. फक्त फळीवर पुस्तकाशेजारी यंत्र येऊन बसले.

आपल्याकडे ही कल्पना मांडली की पहिला प्रश्न येतो तो यंत्र मोडल्यास भरपाई कोणी करावयाची हा. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वार्षिक मोजदादीत कमी भरलेल्या पुस्तकांचा जाब ज्याला द्यावा लागतो, तो ग्रंथपाल पुस्तके वापरण्यापेक्षा कुलपात ठेवण्याकडे झुकला तर त्यात त्याचा स्वभावदोष नाही, नियमांचा आहे. वापराने झिजणाऱ्या वस्तूंसाठी थोडी तूट मान्य करणारा नियम संस्थेने आधी करावयास हवा. तो झाला की एक पर्जन्यमापक, दोन दुर्बिणी, पाण्याची आम्लता पाहण्याचे साहित्य आणि एक भिंग, एवढ्यानेही तालुक्याच्या महाविद्यालयाचे काम सुरू होऊ शकते.

साधनाइतकीच नावांची मदत लागते. मराठी मुलखात भारद्वाजाला कोठे कुंभारकावळा म्हणतात, आणि बारा कोसांवर त्याचे नाव पुन्हा बदलते. झाडांच्या बाबतीत तर एकाच नावाची दोन झाडे आणि एकाच झाडाची पाच नावे हा नित्याचा अनुभव आहे. निरीक्षकाने आपल्या बोलीत जे नाव लिहिले, ते तसेच ठेवून त्यासमोर शास्त्रीय नाव लावून देणे, ही ग्रंथालयाच्या संदर्भ विभागाने करावयाची सेवा आहे. बोलीतील नाव खोडून त्या जागी लॅटिन नाव लिहिणे सोपे असते, पण तसे केल्याने एक माहिती मिळविताना दुसरी गमावली जाते. कोशांची, क्षेत्रपुस्तकांची आणि जुन्या गॅझेटियरांची उत्तम भांडारे विद्यापीठांतच आहेत. त्यांतील नावांची जिल्हावार सूची करावयास शास्त्रज्ञ लागत नाही. मराठी, कोंकणी, कन्नड या भाषा जेथे एकमेकींत मिसळतात, त्या सीमाभागातील महाविद्यालयांनी ते मनावर घ्यावे.

सामान्य माणसाच्या निरीक्षणावर कितपत विसंबावे, हा जुना आक्षेप आहे आणि तो योग्य आहे. माणूस घार पाहून गरुड लिहितो. पण हा दोष नाहीसा करण्याच्या रीती आता ठरून गेल्या आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ मध्ये एका निसर्गसंस्थेबरोबर ‘ईबर्ड’ ही नोंदपद्धती सुरू केली. तीत एखाद्या जागी अनपेक्षित पक्षी नोंदला गेला की त्या भागातील जाणकार स्वयंसेवक ती नोंद तपासतो आणि निरीक्षकाला प्रश्न विचारतो. शिकारीच्या भयाने काही दुर्मिळ पक्ष्यांची नेमकी जागा लोकांपासून झाकूनही ठेवली जाते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे, आणि त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. पगारी शास्त्रज्ञांना एवढ्या विस्तृत देशात इतके हिंडणे साधले नसते.

केरळातील काम याहून बारकाईचे आहे. २०१५ ते २०२० या काळात तेथील एक हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्याचे चौकोन पाडून, वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा कोरड्या ऋतूत, ठरलेल्या वेळेपुरते चालून पक्षी मोजले. सुमारे पंचवीस हजार याद्यांतून तीन लाख नोंदी जमल्या आणि राज्याचा पक्षिनकाशा तयार झाला. त्याच राज्यातील शाळकरी मुले ‘सीझनवॉच’ या योजनेत दर आठवड्याला आपल्या ठरलेल्या झाडाची पालवी, फुले आणि फळे पाहून लिहितात. विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, बहाव्याची फुले लागतात. हल्ली तो फार आधी फुलून जातो, ही तक्रार आजीबाईंच्या तोंडी असते. ती खरी किती, हे सांगण्याचे साधन आता मुलांच्या वहीत तयार होत आहे. कोकणातील आणि विदर्भातील बहाव्याविषयी असेच म्हणता आले असते, तर बरे झाले असते.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने २००७ मध्ये स्थलांतरी पक्ष्यांच्या आगमनाची नोंद घेणारी ‘मायग्रंटवॉच’ ही योजना काढली होती. पावसाच्या पुढे येणाऱ्या चातकाचा मागही तीत घेतला गेला. ती योजना पुढे थांबली. प्रकल्प थांबणे ही वाईट गोष्ट नव्हे, प्रकल्प माणसांप्रमाणे संपतातच. तिच्या नोंदी मात्र ईबर्डच्या भांडारात हलविण्यात आल्या, म्हणून चातकाच्या त्या तारखा आजही सापडतात. प्रत्येक प्रकल्पाच्या चालकांना ही दूरदृष्टी आणि अशी सोय लाभत नाही. अनुदान संपते, काम करणारा तरुण दुसऱ्या गावी जातो, संगणक बिघडतो. विद्यापीठाचे ग्रंथालय प्रकल्पापेक्षा आणि प्राध्यापकापेक्षा अधिक काळ जगते. शोधप्रबंध साठविण्याची ‘शोधगंगा’ देशभर चालू आहे. नागरिकांच्या नोंदींसाठी तशीच एखादी जागा प्रत्येक विद्यापीठाने आपल्या ग्रंथालयात राखून ठेवली, तर तीस यंत्रापेक्षा निश्चय अधिक लागेल.

आता एका अन्यायाविषयी बोलणे भाग आहे. नागरिकांनी जमविलेल्या नोंदींवरून शास्त्रज्ञ निबंध लिहितो. तो निबंध ज्या नियतकालिकात छापला जातो, त्याची वर्गणी अनेकदा इतकी जबर असते की, ज्याने पाच वर्षे पहाटे उठून ते पक्षी मोजले त्याला तो निबंध वाचता येत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची जवळजवळ तेरा हजार नियतकालिके सहा हजार तीनशेंहून अधिक सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना व संशोधनसंस्थांना तिच्यामुळे उपलब्ध झाली आणि त्यासाठी तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पण या योजनेची आखणी संस्थांतील विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक यांच्यासाठी आहे. त्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर राहणारा नागरिक-वैज्ञानिक तिच्या हिशेबात नाही. अशा माणसाला ग्रंथालयात बसून वाचू द्यावयाचे की नाही, आणि त्याच्या नोंदींवर आधारलेल्या लेखाची एक खुली प्रत संस्थेच्या भांडारात ठेवावयाची की नाही, हे प्रश्न शेवटी ग्रंथपालाच्या मेजावर येतात. वाटाघाटीत ते मांडण्याचा अधिकार त्याला दिला पाहिजे. जेथे लेख इंग्रजीत आहे, तेथे त्याचा दोन पानांचा सारांश निरीक्षकांच्या भाषेत करून त्यांना पाठविणे, एवढे सौजन्य तर परवानगीवाचूनही दाखविता येते.

डेन्मार्कमधील दक्षिण डेन्मार्क विद्यापीठाच्या ग्रंथालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे ग्रंथालयानेच नागरिक-विज्ञानाचे केंद्र आपल्याकडे घेतले. एका उपक्रमात विद्यापीठ, रुग्णालय आणि स्थानिक वृत्तपत्रे यांच्या साहाय्याने लोकांना विचारण्यात आले की, आरोग्याविषयीच्या कोणत्या प्रश्नांवर संशोधन व्हावे असे तुम्हांला वाटते. नागरिकाने केवळ मोजावे आणि प्रश्न मात्र विद्वानांनी ठरवावेत, ही वाटणी तेथे मोडली गेली. युरोपातील संशोधन ग्रंथालयांच्या संघाने २०२१ पासून या विषयावर ग्रंथपालांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, तिच्या मुळाशी अशा ठिकठिकाणच्या ग्रंथालयांचे अनुभव आहेत.

डेन्मार्क लहान आणि संपन्न देश आहे, तेथील रीत येथे जशीच्या तशी चालणार नाही, हे खरे. पण प्रश्न लोकांकडून यावेत ही गोष्ट येथेही अवघड नाही. नदीकाठच्या गावाला पाण्याच्या रंगाविषयी प्रश्न असतो. ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला विहिरीच्या खारेपणाविषयी, मच्छीमाराला कोणता मासा दिसेनासा झाला याविषयी. या प्रश्नावर आजवर काय लिहिले गेले आहे आणि कोणी पूर्वी मोजले होते काय, हे शोधून देणे हे काम ग्रंथपालाइतके चांगले दुसऱ्या कोणाला येत नाही. पूर्वीच्या मोजणीचा एक आकडा हाती असला की गावकऱ्याच्या तक्रारीला अधिकाऱ्यापुढे वजन येते. तो नसला की तीच तक्रार अफवा ठरते.

जुने हस्तलेख वाचण्याचे कामही याच वर्गात धरावे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० पासून जेरेमी बेंथम यांचे अतिशय दुर्वाच्य कागद लोकांकडून उतरवून घेतले, आणि त्या उताऱ्यांच्या आधारे यंत्रालाही ते अक्षर वाचावयास शिकविले गेले. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांच्या राशी आहेत. मोडी वाचणारे हात थोडे आहेत आणि शिकू इच्छिणारे निवृत्त लोक पुष्कळ. एवढा उल्लेख येथे पुरे.

ह्यूम यांच्याकडे पुन्हा वळावयाचे तर, इंग्लंडला परतल्यावर उतारवयात ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १९१० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षानंतर, त्यांनी दक्षिण लंडनमध्ये स्वतःच्या पैशाने एक वनस्पतिसंस्था काढली. तिच्यात वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह, बाग आणि ग्रंथालय होते. सर्व थरांतील हौशी माणसांनी तेथे येऊन शिकावे हा तिचा हेतू होता. ती संस्था अजून चालू आहे. आपले कागद गमावलेल्या माणसाने शेवटी ग्रंथालय बांधले, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

आपल्या महाविद्यालयांपुढील तातडीचा प्रश्न त्याहून लहान आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यास शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस जगभर परसातील पक्ष्यांची गणना होते. भारत तीत २०१३ पासून सामील झाला आहे, आणि विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या आवारांतील गणना हा तिचा एक भाग आहे. विद्यार्थी त्या दिवशी पहाटे आवारात जमतात, शेजारपाजारची माणसेही येतात. आठाच्या सुमारास ऊन चढते, याद्या हातात असतात, दोन-तीन पक्ष्यांच्या ओळखीविषयी वाद पडलेला असतो, आणि तो सोडविणारी पुस्तके ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर असतात. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बहुतेक ठिकाणी त्या मजल्याला कुलूप असते. फेब्रुवारीतील त्या एका रविवारी सकाळी सात ते अकरा एवढा वेळ ग्रंथालय उघडे ठेवावयाचे, येईल त्याला ओळखपत्रावाचून आत घ्यावयाचे, गोळा झालेल्या याद्यांची एक प्रत तारीखवार बांधून फळीवर ठेवावयाची, आणि त्या दिवशी कामावर आलेल्या सेवकाला सोमवारी बदली सुटी द्यावयाची. यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.